जुन्या खटाऱ्याचें मोल

अमेरिकेच्या मध्यभागांतील कॅन्सास, नेब्रास्का, आयोवा यांसारख्या शेतीप्रधान राज्यांतून हिंडणाऱ्या माणसाच्या दृष्टीस एक देखावा वारंवार पडतो. शेतघराच्या मागें, गवत कमरेइतकें वाढलेल्या जागीं, अगर लांकडी कोठाराच्या अंधारांत एखादी जुनी पिकप गाडी उभी असते. पिकप म्हणजे पुढें दोघांतिघांना बसण्यापुरती बंद केबिन आणि मागें उघडा हौदा असलेली लहान मालमोटार. टायर बसलेले, कांचेला तडा गेलेला, हौद्याच्या फळ्या कुजून त्यांतून एखादें रोपटें वर आलेलें, आणि मूळचा हिरवा किंवा निळा रंग उन्हापावसानें इतका विटलेला कीं, रंग कोठें संपतो व गंज कोठें सुरू होतो हें सांगणें कठीण. आजोबांनीं ती नवी घेतलेली असते, वडिलांनीं ती झिजेपर्यंत वापरलेली असते, आणि नातवंडांना तिचें काय करावें हें उमगत नसतें. भंगारवाला तिचे वजनावर पैसे देतो. परंतु त्याच गाडीस भंगाराच्या कित्येक पट किंमत देऊन, ती ट्रेलरवर चढवून शेंकडों मैल घेऊन जाणारें गिऱ्हाईकही त्या देशांत आहे. तें गिऱ्हाईक म्हणजे हॉट रॉड बनविणारा हौशी कारागीर.

हॉट रॉड हें नांव ऐकून पुष्कळांस तापलेली सळई आठवेल. प्रत्यक्षांत ती एक मोटारगाडी असते. जुन्या गाडीचें बाह्य रूप बहुतांशीं कायम ठेवावयाचें, आणि तिच्या पोटांत मात्र मूळ कारखान्यानें स्वप्नांतही आणलें नसेल असें जोरकस इंजिन बसवावयाचें, ही या कलेची थोडक्यांत व्याख्या. तिचा जन्म दक्षिण कॅलिफोर्नियांत १९३० नंतरच्या दशकांत झाला. तेथील मुरॉक नांवाच्या कोरड्या सरोवराचा तळ म्हणजे मैलोगणती सपाट, टणक जमीन. हातीं फारसा पैसा नसलेले तरुण फोर्डच्या वापरलेल्या मॉडेल टी आणि मॉडेल ए गाड्या स्वस्तांत घेत, मडगार्ड, बॉनेट, छप्पर, जें जें काढतां येईल तें तें काढून वजन उतरवीत, आणि त्या सरोवरावर आपल्या गाडीचा वेग अजमावीत. १९३२ सालीं फोर्डनें सामान्य माणसाला परवडेल अशा गाडींत आठ सिलिंडरांचें, इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचें इंजिन घातलें. त्याचें बळ अवघें ६५ अश्वशक्ति होतें; परंतु तें वाढवितां येण्याजोगें होतें, आणि थोड्याच वर्षांत मोडक्या गाड्यांच्या वखारींतून तें अल्प किंमतीस मिळूं लागलें. १९३७ सालीं या शर्यतींना शिस्त लावण्यासाठीं सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन ही संस्था निघाली. मुरॉकचें सरोवर पुढें लष्कराकडे गेलें. आज तेथें एडवर्ड्‌स हा हवाई दलाचा तळ आहे. युद्ध संपल्यावर यंत्रविद्या शिकून परतलेल्या सैनिकांनीं या छंदास नवा जोर दिला. जानेवारी १९४८ मध्यें रॉबर्ट पीटरसन यांनीं ‘हॉट रॉड’ याच नांवाचें मासिक सुरू केलें, आणि १९५१ सालीं वॉली पार्क्स यांच्या पुढाकारानें नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन होऊन, भर रस्त्यांतील जीवघेण्या शर्यती नियमबद्ध मैदानावर आणण्याची खटपट आरंभली गेली.

मालवाहू गाडी या नादांत आली ती मागाहून. फोर्डनें १९२५ सालीं मॉडेल टीच्या मागें कारखान्यांतच हौदा जोडून ती २८१ डॉलरांस विकावयास काढली, तेव्हां शेतकरी, सुतार, दूधवाले यांची सोय एवढाच त्यांतील हेतु होता. १९४७ च्या उन्हाळ्यांत शेवरोलेटनें नव्या बांधणीची, गोलसर नाकाची पिकप बाजारांत आणली. १९४८ मध्यें फोर्डची एफ-१ आली आणि १९५३ मध्यें एफ-१००. या गाड्या भरमसाट खपल्या. कामें करून करून त्या थकल्या तेव्हां त्यांस कोणी विचारीना, आणि जी वस्तु स्वस्त व मुबलक असते ती तरुण कारागिराच्या हातीं आपोआप जाते. शिवाय त्यांचें रूप! एके काळीं निव्वळ उपयोगासाठीं ठोकलेले ते पत्रे आजच्या डोळ्यांस विलक्षण देखणे वाटतात. शेवरोलेट हें नांव मुंबईकरांसही परकें नाहीं. जनरल मोटर्स कंपनीनें १९२८ सालीं शिवडी येथें कारखाना काढून तेथें या गाड्या जुळविण्यास प्रारंभ केला होता, आणि तो उद्योग १९५४ पर्यंत चालला.

शेवरोलेटच्या त्या गोल नाकाच्या गाडींत अर्ध्या टनाचा जो प्रकार होता त्यास ३१०० हा क्रमांक होता. १९४७ पासून १९५५ च्या प्रारंभापर्यंत तो निघत राहिला. विक्रीचा सारा प्रश्न समजून घेण्यास हीच गाडी उदाहरणादाखल घेणें सोयीचें. कारण ती आजही पुष्कळ शेतांतून सांपडते, आणि हॉट रॉड करणारांची तिजवर विशेष प्रीति आहे.

आतां या गाडीच्या आंत काय आहे तें पाहावें. बहुतेक वर्षें तिला सहा सिलिंडरांचें, २१६ घन इंचांचें इंजिन येत असे. त्याची शक्ति सुमारें ९० अश्वशक्ति. त्याच्या दट्ट्यांच्या दांड्यांना वंगण मिळतें तें बव्हंशीं तेल उडवून, पूर्ण दाबाखालीं नव्हे. मागील आंसाचें दांतप्रमाण ४.११ ला १ असें ओझें ओढण्याच्या हिशेबानें ठेवलेलें. त्यामुळें शिवारांतून कडब्याच्या पेंढ्या ओढण्यास गाडी बळकट, परंतु ताशीं पन्नास मैलांच्या पुढें इंजिन गुरगुरूं लागतें. आणि अमेरिकेंतील राजमार्ग तर १९५६ च्या कायद्यानंतर याहून पुष्कळ अधिक वेगासाठीं बांधले गेले. १९५४ पर्यंतच्या गाड्यांत मागील चाकांस गति नेणारा दांडा एका बंद नळींत कोंडलेला असल्यामुळें नवा गिअरबॉक्स बसवावयाचा तर मागचा आंसही बदलावा लागतो. वीज सहा व्होल्टांची. ब्रेकच्या तेलाची वाट चारी चाकांना मिळून एकच. ती कोठेंही फुटली तर सर्व ब्रेक एकदम जातात. आणि १९४९ पासून पेट्रोलची टाकी बसविली ती केबिनच्या आंत, बैठकीच्या पाठीमागें! चालविणाराच्या पाठीशीं पेट्रोलचा हंडा ठेवण्याची ही कल्पना त्या काळीं कोणास वावगी वाटली नाहीं.

हॉट रॉड करणारा यांतील जवळजवळ सर्व कांहीं काढून टाकतो. इंजिनाच्या जागीं तो बहुधा शेवरोलेटनेंच १९५५ सालीं काढलेल्या लहान व्ही-आठ घराण्यांतील एखादें इंजिन बसवितो. त्यांतील १९६७ पासूनचें ३५० घन इंचांचें इंजिन तर या धंद्यांत मिठासारखें सर्वत्र आढळतें. पुढचा सरळ आंस व कमानपाटे काढून तेथें १९७४ ते १९७८ या काळांत निघालेल्या मस्टँग-२ या फोर्ड गाडीच्या धर्तीची, प्रत्येक चाक स्वतंत्र हलणारी रचना जोडतो. ती गाडी स्वतः शौकिनांच्या फारशी पसंतीस उतरली नाहीं, पण तिची पुढची चाकें मात्र अजून हजारों परक्या गाड्यांखालीं फिरत आहेत, ही मोटारींच्या इतिहासांतील एक गमतीची गोष्ट होय. कांहीं जण त्याहीपुढें जाऊन, १९८२ नंतरच्या एस-१० या लहान शेवरोलेट पिकपचा संबंध लोखंडी सांगाडा आणून त्यावर जुनी केबिन व हौदा चढवितात.

येथेंच विकणारानें लक्षांत घ्यावयाची मुख्य गोष्ट येते. एकाच गाडीचे दोन हिशेब आहेत. जुन्या गाडीचा जीर्णोद्धार करणारा मनुष्य तिला कारखान्यांतून निघाली तशी करूं पाहतो. त्याच्या दृष्टीनें मूळ इंजिन, मूळ गिअरबॉक्स, मूळ कार्ब्युरेटर, किंबहुना दाराच्या कडीचा मूळ स्क्रूसुद्धां मोलाचा. हॉट रॉडवाल्यास हें सर्व शून्य. त्यास पाहिजे केबिन, दारें, बॉनेट, मडगार्ड आणि हौदा, म्हणजे पत्रा. आणि पाहिजे एक कागद, ज्याविषयीं पुढें येईल. म्हणून ‘माझ्या गाडीचें इंजिन मूळचें आहे, त्याचे वेगळे पैसे द्या’ असें मालकानें म्हटलें तर हॉट रॉडवाला खांदे उडवितो; त्यास तें इंजिन उचलून कोपऱ्यांत टाकण्याची मजुरीच पडावयाची असते. उलट, ‘हॉट रॉडसाठीं उत्तम’ अशी पाटी गाडीवर लावली कीं जीर्णोद्धार करणारा ती पाहावयासही येत नाहीं. अशी पाटी लावणें म्हणजे अर्ध्या हिशेबावर पाणी सोडणें होय. त्याला हरकत नाहीं. परंतु सोडतों तें काय आहे, हें आधीं माहीत असावें.

त्यासाठीं प्रथम गाडीची ओळख पटली पाहिजे. घरांतलीं माणसें साल सांगतात तें बहुधा ऐकीव असतें. पत्र्यांवरून तें पुष्कळसें ठरवितां येतें. दाराच्या कांचेपुढें वारा घेण्याची त्रिकोणी छोटी खिडकी नसेल तर गाडी साधारणतः १९५० किंवा त्यापूर्वीची; ती खिडकी १९५१ मध्यें आली. दाराची मूठ फिरवावी न लागतां बटण दाबून दार उघडत असेल तर ती त्यानंतरची. समोरची कांच दोन तुकड्यांची न राहतां एकसंध झाली ती १९५४ मध्यें, आणि त्याच वर्षीं तोंडावरची जाळीही बदलली. केबिनच्या मागच्या दोन कोपऱ्यांत वळणदार कांचा असतील तर ती अधिक पैसे घेऊन मिळणारी विशेष केबिन. अशा गाडीस आजही लक्षणीय अधिक किंमत येते, आणि ज्या मालकास हें ठाऊक नसतें तो ती साध्या गाडीच्या भावांत देऊन बसतो. दारावर एखाद्या धान्यदुकानाचें किंवा नळकाम करणाराचें नांव हातानें रंगविलेलें अर्धवट दिसत असेल तर तें पुसण्याचा मोह कटाक्षानें टाळावा. उन्हानें विटलेल्या मूळ रंगाची एक वेगळीच आवड गेल्या कांहीं दशकांत अमेरिकेंत निर्माण झाली आहे. अशा गाडीवर नवा रंग न देतां त्या विटलेल्या रंगावरच पारदर्शक लेप देऊन ती मिरविली जाते. आणि ज्यांच्या गाडीला असा रंग नाहीं ते तो मुद्दाम रंगवून, घासून, मिठाचें पाणी शिंपडून आणतात! खरें जुनेपण हें एकदां धुऊन गेलें कीं परत येत नाहीं, म्हणूनच त्यास मोल आहे.

जो मालक विक्रीपूर्वीं गाडी ‘जरा बरी दिसावी’ म्हणून करड्या अस्तराचा हात मारतो तो आपलें नुकसान आपणच करून घेतो. जाणतें गिऱ्हाईक नवें अस्तर पाहतांच खिशांतून लोहचुंबक काढतें. चुंबक पत्र्यास चिकटतो. लांबी भरून गुळगुळीत केलेल्या भोंकावरून तो घसरतो. आणि एका ठिकाणीं तो घसरला कीं मालकाच्या बाकीच्या सर्व सांगण्यावरचा विश्वासही त्याबरोबर घसरतो. त्यापेक्षां उघडा गंज बरा. निदान तो किती आहे हें तरी दिसतें.

या गाडींत गंज कोठें धरतो हें आतां सर्वश्रुत आहे: केबिनच्या मागील बाजूचे खालचे कोपरे, पाय ठेवण्याच्या जागेखालचा तळ, पायरीचा पत्रा, दारांच्या खालच्या कडा, आणि जेथें केबिन सांगाड्यावर टेकते त्या आधारांच्या जागा. यांपैकीं बहुतेक पत्र्यांचे नवे तुकडे आज तयार मिळतात. कापून जोडणें हें कष्टाचें काम असलें तरी अशक्य नाहीं. म्हणून गंज ही लपविण्याची गोष्ट नव्हे, मोजण्याची आहे. वाळलेला चिखल झाडून, गाडीखालीं निजून, प्रत्येक भोंकाशेजारीं हाताचा पंजा ठेवून छायाचित्र घ्यावें, म्हणजे दूरच्या गिऱ्हाइकास भोंकाचें आकारमान कळतें. छायाचित्र कोरड्या गाडीचेंच घ्यावें. विटलेल्या रंगावर पाणी मारलें कीं तो क्षणभर नव्यासारखा चमकतो, ही युक्ति इतकी जुनी झाली आहे कीं, ओली गाडी पाहतांच गिऱ्हाइकाच्या मनांत शंका येते.

जुन्या गाड्यांच्या जाहिरातींची स्वतःची एक भाषा आहे, आणि ती आपल्याकडील स्थळांच्या वर्णनांइतकीच सांकेतिक आहे. मुलगा ‘होतकरू’ म्हटला कीं त्यास अद्याप नोकरी नाहीं हें वधूपित्यास कळतें. त्याचप्रमाणें ‘उभी केली तेव्हां चालत होती’ हें वाक्य वाचलें कीं गिऱ्हाईक विचारतें, कोणत्या सालीं उभी केली? ‘जवळजवळ पूर्ण आहे’ याचा अर्थ, जे दोनचार भाग नाहींत तेच कोठेंही मिळत नाहींत. ‘थोडेंसें काम केलें कीं झाली’ असें म्हणणाऱ्या मालकानें तें थोडेंसें काम स्वतः कां केलें नाहीं, हें विचारण्यासही शहाणपण लागत नाहीं. या शब्दांनीं आतां कोणी फसत नाहीं. उलट ते वापरणारा प्रामाणिक असला तरी संशयास पात्र होतो. त्यांच्या जागीं साधीं विधानें असावींत: १९५० सालची शेवरोलेट ३१००, कोपऱ्यांत कांचा असलेली केबिन, पंचवीस वर्षें कोठारांत उभी, इंजिन जागेवर आहे, हातानें फिरतें, सुरू करून पाहिलेलें नाहीं, ब्रेक नाहींत, केबिनचे दोन्ही मागचे कोपरे गेलेले, डाव्या दाराची कांच नाहीं, मालकीपत्र विकणाराच्या नांवें. एवढें वाचून जें गिऱ्हाईक येतें तें खरोखर घेण्यासाठीं येतें.

‘हातानें फिरतें’ हे दोन शब्द लिहितां यावेत म्हणून थोडे श्रम घेण्यासारखे आहेत. वर्षानुवर्षें उभ्या राहिलेल्या इंजिनाच्या सिलिंडरांत दमट हवेनें गंजाचें पातळ कडें धरतें आणि दट्ट्या तेथेंच अडकतो. उत्साही मुलगा नवी बॅटरी आणून स्टार्टर दाबतो, आणि जें इंजिन सोडवितां आलें असतें तें कायमचें मोडतो. शहाणा मनुष्य प्लग काढून प्रत्येक सिलिंडरांत थोडें पातळ तेल सोडतो, कांहीं दिवस वाट पाहतो, आणि मग पुढच्या कप्पीच्या बाजूनें पान्यानें हळूच फिरवून पाहतो. फिरलें तर उत्तम. न फिरलें तर ‘अडकलें आहे’ असें लिहावें. हॉट रॉडवाल्यास त्याचें सोयरसुतक नसतें, परंतु त्याच्याकडून तें काढलेलें इंजिन विकत घेणारा जीर्णोद्धारक असतो, आणि फिरणाऱ्या इंजिनाला तो कांहीं तरी देतो. या एका आशेवर सौदा कधीं कधीं थोडा वर सरकतो. मात्र टाकींतल्या जुन्या पेट्रोलवर गाडी सुरू करून दाखविण्याचा प्रयत्न कोणी करूं नये. तें पेट्रोल कुजून त्याचा चिकट थर झालेला असतो. आणि गाडी चुकून सुरू झालीच तर थांबविण्यास ब्रेक कोठें आहेत?

याहून वाईट अवस्था म्हणजे अर्धवट सोडलेल्या कामाची. पहिल्या उमेदींत मालकानें गाडी सुटी केलेली असते. दारें एका खोलींत, मडगार्ड दुसरींत, आणि नटबोल्ट जुन्या कॉफीच्या डब्यांत एकत्र. मग लग्न, मुलें, नोकरी, आणि वीस वर्षें जातात. अशा गाडीवर पुष्कळ खर्च झालेला असला तरी तिला हात न लावलेल्या गाडीपेक्षां कमी किंमत येते. मालकास हा अन्याय वाटतो, पण गिऱ्हाइकाचें म्हणणें असें कीं, उभ्या गाडीच्या बाबतींत काय नाहीं तें डोळ्यांस दिसतें, सुट्या गाडीच्या बाबतींत तें जोडावयास बसल्यावर कळतें. विकण्यापूर्वीं दोन रविवार खर्च करून दारें, मडगार्ड व बॉनेट नुसतीं जागेवर टांगलीं तरी गाडी पुन्हा गाडीसारखी दिसूं लागते, आणि त्या दोन रविवारांचा मोबदला बहुधा भरपूर मिळतो.

आतां कागद. अमेरिकेंत गाडीचें मालकीपत्र त्या त्या राज्याचें मोटारखातें देतें. १९८१ पासून सर्व गाड्यांस सतरा अक्षरांकांचा एकाच पद्धतीचा क्रमांक आहे. परंतु त्यापूर्वीच्या काळीं असें एकसूत्र नव्हतें, आणि १९५५ पूर्वीच्या गाड्या तर कित्येक राज्यांनीं इंजिनावर ठोकलेल्या क्रमांकानेंच नोंदविल्या होत्या. या शेवरोलेट गाडीस दाराच्या खांबावर क्रमांकाची पट्टी असते, आणि इंजिनावर निराळा क्रमांक असतो. मालकीपत्रावर यांपैकीं कोणता आहे? हॉट रॉडवाला ज्या इंजिनास कवडीमोल समजतो, कायद्याच्या दृष्टीनें गाडीचें नांवगांव कधीं कधीं त्याच इंजिनावर कोरलेलें असतें. तें काढून भंगारांत गेलें कीं कागदावरची गाडी नाहींशी होते, आणि अंगणांत उरते ती निनांवी. शेतावरच्या गाड्यांत तर मूळ इंजिन बिघडल्यावर दुसरें बसविण्याचा प्रघात होता. तेव्हां कागदावरचा आंकडा ना इंजिनाशीं जुळत ना पट्टीशीं, असेंही घडतें.

हा प्रश्न नुसत्या दफ्तराचा नव्हे. घेणारा मनुष्य त्या गाडीवर पुढचीं चारपांच वर्षें आपल्या सुटीच्या दिवसांचें श्रम आणि मूळ किंमतीच्या कित्येक पट पैसा घालणार असतो. शेवटीं रंगवून, झळकवून ती नोंदणीस नेली आणि क्रमांक जुळेना, तर ती गाडी रस्त्यावर आणतां येत नाहीं. चोरीच्या गाडीचा संशय आला तर ती जप्तही होऊं शकते. कोणी सूचना करील कीं, दुसऱ्या मोडक्या गाडीची पट्टी काढून हिच्या खांबावर ठोकावी. तसें करणें हा गुन्हा आहे, आणि तो कागदांतील चुकीपेक्षां पुष्कळ महाग पडतो. खरा उपाय कंटाळवाणा पण सोपा आहे. विक्रीची पाटी लावण्यापूर्वीं मालकानें स्वतः कागद व धातु यांवरचे आंकडे ताडून पाहावेत. फरक असेल तर इंजिन जागेवर असतांनाच अधिकाऱ्यास गाडी दाखवून नोंद दुरुस्त करून घ्यावी. पत्र हरवलें असेल तर नक्कल काढावी. जिच्या नांवें नोंद आहे त्या व्यक्तीस हें काम एका अर्जाचें, आणि परक्या गिऱ्हाइकास तें जवळजवळ अशक्य. नोंद दिवंगत आजोबांच्या नांवें असेल तर वारसाचे कागद आधीं पुरे करावेत. चांगल्या कागदाची किंमत येते ती याचमुळें. जुनें साल लिहिलेल्या कागदाचे इतरही लाभ आहेत; उदाहरणार्थ, कॅलिफोर्नियांत १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांस धूरतपासणी माफ आहे.

हा सर्व व्यवहार आपल्या श्रोत्यांस थोडा अद्भुत वाटण्याचा संभव आहे, कारण भारतांत कायद्याची वाट निराळी आहे. मोटारवाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचा अर्थ लावतांना सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें असें स्पष्ट केलें कीं, कारखान्यानें ठरविलेल्या मूळ रचनेहून भिन्न होईल असा बदल गाडींत करतां येत नाहीं. पुण्यामुंबईकडे जुन्या गाड्यांचे शोकीन पुष्कळ आहेत. परंतु त्यांचा ओढा जीर्णोद्धाराकडे असतो, तो कांहीं अंशीं या कारणानें.

अमेरिकेंतही या दोन पंथांत वैर आहे. जीर्णोद्धारक म्हणतात, एकदां सांगाडा कापला कीं ती गाडी गेली. हॉट रॉडवाले म्हणतात, आम्ही नेली नसती तर ती वितळून गेली असती. दोघांच्याही म्हणण्यांत तथ्य आहे, आणि निर्णय गाडी पाहून करावा. केबिनचे कोपरे गेलेली, इंजिन अडकलेली, हौद्याविना उरलेली ३१०० हॉट रॉडवाल्याच्या हातीं गेली तर शोक करण्याचें कारण नाहीं. तशा पुष्कळ आहेत. परंतु मूळ रंग, मूळ इंजिन, मूळ बैठक सारें जागेवर असलेली गाडी हॉट रॉडची पाटी लावून विकणें ही उधळपट्टी होय, आणि तींत पैशाचेंही नुकसान आहे. अशा गाडीची वार्ता आधीं जीर्णोद्धारकांच्या मंडळांत द्यावी, महिनाभर थांबावें, आणि मग पाटी बदलावी. विकल्यानंतर मात्र घेणारानें तिचें काय करावें यावर मालकाचा अधिकार उरत नाहीं. ‘कापणार नाहीं असें वचन द्या’ म्हणून भावनाशील मालक अट घालतात. ती पाळली जातेच असें नाहीं. आजोबांची आठवण ठेवावयाची तर गाडी विकण्यापूर्वीं स्टिअरिंगचें चाक किंवा हौद्याच्या मागच्या झडपेवरचा पत्रा काढून ठेवावा, आणि तसें जाहिरातींत लिहावें.

सौदा ठरल्यावर पैसे बँकेंत, बँकेच्या माणसासमोर घ्यावेत. विक्रीच्या चिठ्ठीवर दोघांचीं नांवें, तारीख, किंमत, दोन्ही क्रमांक, आणि ‘आहे त्या स्थितींत, कोणत्याही हमीशिवाय’ हे शब्द असावेत. मैलांच्या आंकड्याचें जें प्रतिज्ञापत्र नव्या गाड्यांस लागतें तें इतक्या जुन्या गाडीस केंद्रीय नियमानें माफ आहे. आणि पांच आंकडी मापकाचें चक्र किती वेळां पूर्ण फिरून पुन्हा शून्यावर आलें असेल हें कोण सांगणार! गाडी स्वतःच्या चाकांवर ओढून नेऊं देऊं नये, कारण ब्रेक नाहींत. ट्रेलर व दोरखंड घेणारानें आणावा. ती चढविण्यापूर्वीं टायरांत हवा भरून ठेवली, आणि गंजून धरलेल्या ब्रेकच्या पट्ट्या चाकें मागेंपुढें हलवून सोडविल्या, तर दोन तासांचें काम अर्ध्या तासांत होतें. गाडी फाटकाबाहेर पडली कीं मालकी पालटल्याची सूचना मोटारखात्यास द्यावयाची असते. कॅलिफोर्नियांत त्यास पांच दिवसांची मुदत आहे. ती सूचना पोंचेपर्यंत, ट्रेलरवर बांधून शेंकडों मैल दूर गेलेली ती गाडी सरकारी दफ्तरांत जुन्याच मालकाच्या नांवें उभी असते, आणि वाटेंत तिच्यामुळें कांहीं घडलें तर पहिलें पत्र त्याच्याच दारीं येतें.